मला शांती मिळाली नाही

रायापूर, धारवाड
४ मार्च २०२४

प्रिय अक्का,

सप्रेम सलाम. तुझा निखिल सांगत होता, कानाचं यंत्र तू पुन्हा डबीत घालून कपाटात ठेवलंस. म्हणजे आता पत्रंच. मलाही तेच बरं. फोनवर तू मिरजेहून ‘काय? काय?’ करतेस आणि मी इथून ओरडते, तर शेजारचे खिडकीत येतात. छत्तीस वर्षं वर्गात ओरडले, आता तुझ्यासाठी नको.

ह्यांचे गुडघे तसेच आहेत. मी ठीक.

हुबळीच्या चर्चमधल्या मंडळीची हकिकत विचारली होतीस. कन्नड उपासना सुटली की सव्वादहाला आमची मराठी सुरू होते. तीच चाळीस माणसं, तेच बाक. महिला मंडळ अजून माझ्याकडेच आहे, यंदा एकोणीस वर्षं झाली. एक नवीन बाई आली आहे, मधुवंती. चौतिशीची असेल. खानापूरकडची, जन्मापासून ख्रिस्ती. नवरा दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. एक मुलगी आहे, नेत्रा, चौथीत. मधुवंती दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात कामाला आहे आणि कमरीपेठेत एका खोलीत राहते.

तिचं नाव आज हुबळीतल्या आपल्या प्रत्येक घरात आहे. का, ते सांगते. भाग्यलक्ष्मीबाई तुला आठवतील, कमरीपेठेतल्या. आता ऐंशी पार, एकट्या. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जाते, पवित्र शास्त्र वाचते, प्रार्थना करते. परवाच्या गुरुवारी मला जरा कणकण होती म्हणून गेले नाही. तर ही मधुवंती दुकानात ब्लाउजपीस कापत होती. मध्येच कात्री खाली ठेवली, मालकाला म्हणाली, मला जायला पाहिजे, आणि निघाली. भाग्यलक्ष्मीबाई न्हाणीघरात पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं. सकाळपासून तशाच. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत कुणी गेलं नसतं तर कठीण होतं.

रविवारी सगळ्यांनी तिला घेरलं. कसं कळलं तुला? ती म्हणाली, “प्रभूनं जा म्हटलं, गेले.”

एवढंच. जसा दूधवाला ‘ताई, भांडं आणा’ म्हणतो आणि आपण आणतो. अक्का, मला समजायला लागल्यापासून रोज सकाळी गुडघे टेकते. मला कुणी कधी ‘जा’ म्हटलेलं नाही. मी गुरुवार आहे म्हणून जाते.

देवाची करणी, म्हातारी वाचली. आनंदाची गोष्ट आहे.

तुझी,
सुशी


मिरज
१३ मार्च २०२४

सुशे,

सलाम. यंत्रात शिट्टी वाजते म्हणून काढलं. निखिलनं ते सांगितलं नसेल.

तुझी मधुवंती मला फार आवडली. बेचाळीस वर्षं वॉर्डात काढली, तिथं अशा दोघीच भेटल्या. एक साधी झाडूवाली होती. पेशंटच्या पायाशी उभी राहायची आणि म्हणायची, सिस्टर, ह्याच्याकडे बघा. आम्ही बघायचो, आणि खरंच बघण्यासारखं असायचं. डॉक्टरांना तिचा राग यायचा.

मधुवंतीला माझा सलाम सांग. तिला घरी जेवायला बोलाव. मुलीलाही. तू करतेस तसं मटण कर.

आणि एक विचारते. आनंदाची गोष्ट आहे म्हणतेस, पण पत्रात आनंद कुठं दिसला नाही. कणकण गेली का?

अनसूया


रायापूर
८ एप्रिल २०२४

प्रिय अक्का,

सलाम. कणकण गेली. जेवायला अजून बोलावलेलं नाही, आधी लेंटचे उपवासाचे दिवस होते, मग ईस्टर. तुझा सलाम सांगितला. ती म्हणाली, “अक्कांच्या कानांसाठी प्रार्थना करते.” मी तिला तुझ्या कानांचं काही सांगितलं नव्हतं. मंडळातल्या मथुराबाईंनी सांगितलं असणार. असणारच. पण बाजूच्या बायकांनी एकमेकींकडे असं बघितलं, की बघा, हिला सगळं कळतं.

तुला लिहायचं नाही म्हणत होते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटेच्या उपासनेत बायकांकडून साक्ष मी देते, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगते. किती वर्षं झाली, मोजलेली नाहीत. यंदा पाळकसाहेब आदल्या दिवशी म्हणाले, “टीचर, या वेळी मधुवंतीबाईंना संधी देऊ या. तुम्हाला चालेल ना?” चालेल ना विचारतात तेव्हा न चालून कसं चालेल? ती उभी राहिली. सुरुवात मराठीत, मध्ये कन्नड, एका वाक्यात तीन चुका. कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी. देवाला व्याकरण लागत नाही हे मला माहीत आहे, तू लिहू नकोस. लोक रडत होते. हे सुद्धा. माझ्या साक्षीला हे कधी रडल्याचं मला आठवत नाही. बसमध्ये विचारलं, तर म्हणाले, “तू छानच बोलतेस गं, पण ती बोलत नाही, ती सांगते.” रायापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आता मंडळाच्या बायका काही अडलं की तिच्याकडे जातात. मथुराबाईंच्या जावयाची बदली असो की कुणाच्या मुलीचं स्थळ. “मधुवंती, जरा विचार गं देवाला.” विचार! जसा तिच्याकडे देवाचा नंबर आहे. पूर्वी त्या माझ्याकडे यायच्या. मी त्यांना सांगायचे, धीर धरा, प्रार्थना करत राहा, देव मार्ग दाखवील. ती सांगते, जा किंवा नको. त्यांना तेच पाहिजे असतं.

तिच्याकडे दोनच साड्या आहेत, एक शेवाळी आणि एक जांभळट. कुठल्या रविवारी कुठली, हे मला पाठ झालं आहे. कुणाच्या साड्या मी आयुष्यात कधी मोजल्या नव्हत्या.

एक महत्त्वाचं राहिलं. धारवाडच्या आपल्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची जागा रिकामी झाली आहे. दोन खोल्या, जेवण, आणि मुलगी असली तर तिची शाळाही तिथूनच. मधुवंतीनं अर्ज केला आहे. समितीत आम्ही तिघं, अध्यक्ष हणमंतराव, पाळकसाहेब आणि मी. दुसरा अर्ज रेश्माचा, ती बी.ए. आहे. हणमंतराव म्हणाले, प्रत्येकानं आठवडाभर प्रार्थना करून यायचं आणि जे दाखवलं जाईल ते सांगायचं. मधुवंतीला फक्त मी जवळून ओळखते, म्हणून माझ्या शब्दाला वजन राहील म्हणाले.

तूही प्रार्थना कर.

सुशी


मिरज
१६ एप्रिल २०२४

सुशे,

यात प्रार्थना कसली करायची? विधवा बाई, हाताशी पोर, जीव लावणारी. जागा तिचीच आहे. पण हणमंतराव म्हणतात तर कर.

दोन साड्या आहेत तर एक दे की. तुझं कपाट मी बघितलेलं आहे.

अनसूया


रायापूर
२ मे २०२४

प्रिय अक्का,

सलाम. उन्हाळा फार आहे. कैऱ्यांचं लोणचं घातलं, निखिल येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवते.

वसतिगृहाचं ठरलं. रेश्मा मेट्रन झाली, एक जूनपासून येईल. मधुवंतीबद्दल सगळ्यांचं मत चांगलंच होतं. पाळकसाहेब तर तिच्याच बाजूचे होते. पण मग मला विचारलं. मी सांगितलं, आठवडाभर प्रार्थना केली, पण तिच्या नावाबद्दल मला शांती मिळाली नाही. हणमंतराव म्हणाले, टीचरना शांती मिळाली नसेल तर आपण पुढं जायला नको. पाळकसाहेब म्हणाले, बरं. देवाच्या मार्गदर्शनापुढे आपण कोण?

चिटणीस म्हणून कळवायचं काम माझ्याकडे होतं. मी चांगल्या शब्दांत कळवलं. समितीनं प्रार्थनापूर्वक विचार केला, आपल्या बाबतीत देवाचं मार्गदर्शन अनुकूल मिळालं नाही, त्यानं आपल्यासाठी दुसरं काही योजलं असेल.

आणि अक्का, वसतिगृह म्हणजे शिस्त लागते, हिशोब लागतो, पालकांशी बोलावं लागतं. स्वप्नं बघणाऱ्या माणसाचं ते काम नव्हे. तिच्याच भल्याचं झालं.

तुझी,
सुशी


मिरज
२९ मे २०२४

सुशे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज कागद घेऊन बसते आणि उठते. निखिलला वाटलं, मला बरं नाही. बी.पी. तपासून गेला.

‘प्रार्थना केली, पण शांती मिळाली नाही.’ हे वाक्य वाचलं आणि ओळखीचं वाटलं. ओळखीचं का नसेल? माझंच आहे. मी ते चाळीस वर्षांपूर्वी वापरलं होतं, तुझ्यावर.

तू बावीस वर्षांची होतीस. तुला नर्सिंगला मिरजेला यायचं होतं. अप्पांनी मला पत्र टाकलं, सुशी तिकडं यायचं म्हणते, तू तिथं आहेस, प्रार्थना करून कळव. मी कळवलं. शांती मिळाली नाही. प्रभू तिच्यासाठी शिक्षिकेचं काम दाखवतो आहे. अप्पांनी तुला तेवढंच वाचून दाखवलं आणि तू मान खाली घालून ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म भरलास.

खरं काय ते आता सांगते. त्या आधीच्या नाताळला तू चार दिवस माझ्याकडे राहिली होतीस. बायकांच्या वॉर्डात फिरून गाणी म्हटलीस. तू गेल्यावर महिनाभर पेशंट विचारत होते, धाकट्या सिस्टर कधी येणार? मेट्रन विचारायच्या, तुझी बहीण केव्हा येते? मी तिथं आठ वर्षं राबत होते. रजेवरून परत आले तर मी कधी येणार असं कुणी विचारलेलं नव्हतं. तू आली असतीस तर मी तिथं ‘सुशीची बहीण’ झाले असते.

देवानं काही दाखवलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मला तू तिथं नको होतीस.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. रोज सांगायचं ठरवायचे, मग तू शाळेत रमलीस म्हणून गप्प बसले. तू रमलीस याचा मला फार आधार झाला.

आता तू सांग. त्या आठवड्यात तू काय प्रार्थना केलीस? शब्द सांग.

तुझी बहीण,
अनसूया


रायापूर
१८ जुलै २०२४

अक्का,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कणीक मळत होते. ह्यांनी वाचून दाखवू का विचारलं, मी म्हटलं, नको, हात धुऊन वाचते. वाचलं. मग कणीक पुरी मळली, पोळ्या केल्या, ह्यांना वाढलं. नंतर सहा आठवडे तुला पत्र लिहिलं नाही. निखिलनं दोनदा फोन केला, मी त्याला म्हटलं, पोस्टाचा घोळ असेल.

तुला काय काय म्हणावं हे मी मनात इतक्यांदा लिहिलं आहे, की आता कागदावर येत नाही. तुला माहीत आहे, मी संडे स्कूलमध्ये मुलांना माझीच गोष्ट सांगायचे? मला नर्स व्हायचं होतं, पण देवाची इच्छा वेगळी होती, म्हणून मी त्याच्यावर भरवसा ठेवला. किती मुलांना सांगितली असेल! वर्गात एखादं पोर अडलं, त्याला वाचता येऊ लागलं, की वाटायचं, बघ, देवानं मला याच्यासाठी ठेवलं. आता सकाळी गुडघे टेकते आणि समोर तू दिसतेस, मिरजेच्या खोलीत बसून अप्पांना पत्र लिहिणारी. ती छत्तीस वर्षं कुणाची, अक्का? देवाची की तुझी?

याचं उत्तर तुझ्याजवळ असेल असं मला वाटत नाही. पण विचारल्याशिवाय पुढचं लिहिता येत नव्हतं.

मधुवंती जूनपासून उपासनेला येत नाही. मुलीला पाठवते, स्वतः येत नाही. बायकांना वाटतं, दुकानात काम वाढलं असेल. पाळकसाहेब दोनदा जाऊन आले. ती म्हणाली, तब्येत ठीक नाही.

गेल्या मंगळवारी मी दाजीबानपेठेत गेले. ह्यांच्या पायजम्याचं कापड घ्यायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. ती गल्ल्याजवळ उभी होती, शेवाळी साडीत. वाळली आहे. मला बघून पुढं आली, “या बाई,” म्हणाली. कापड दाखवलं, मोजलं, कापलं. मग कात्री हातात तशीच धरून हळूच म्हणाली,

“बाई, एक विचारू काय? रागावू नका.”

“विचार की.”

“तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली तेव्हा काय दिसलं? माझ्यात काय खोट दिसली देवाला? तेवढं सांगा. मी सुधारते.”

मी म्हटलं, तसं काही नसतं गं. तिनं मान हलवली.

“तसं कसं? तुम्ही पत्रात लिहिलंय की. मी त्याला विचारते, तर काय ऐकू येत न्हाई. आधी यायचं. आता वाटतं, आधीचं बी माझ्या मनाचंच असंल. भाग्यलक्ष्मीबाई पडल्या ते आपलं उगंच जमून आलं असंल.”

मागून मालक कन्नडमध्ये ओरडला, गिऱ्हाईक उभं आहे म्हणून. ती वळली. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. रायापूरच्या बसमध्ये बसले तेव्हा एवढंच कळलं. जी गोष्ट तिच्याकडे होती आणि माझ्याकडे नव्हती, ती मी तिच्याकडून काढून घेतली. आणि ती मला मिळालीही नाही.

तू शब्द विचारले होतेस. शब्द नव्हते. मी प्रार्थना केलीच नाही. सात दिवस सकाळी गुडघे टेकले, तुझ्यासाठी, ह्यांच्या गुडघ्यांसाठी, निखिलसाठी, सगळ्या जगासाठी मागितलं. तिचं नाव आलं की आमेन म्हणून उठायचे. देव उत्तर देणार नाही याची भीती नव्हती, अक्का. देईल याची होती. विचारलं असतं तर होय म्हणाला असता. मला ते माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं मन इतकं स्पष्ट माहीत होतं आणि म्हणून मी त्याला बोलू दिलं नाही.

सुशी


मिरज
२५ जुलै २०२४

सुशे,

छत्तीस वर्षं कुणाची, मला माहीत नाही. माझी नव्हेत. माझ्याजवळ एवढी चांगली वस्तू कधी नव्हती. तू मला माफ कर असं लिहिणार होते, पण सोडते. तुला जमेल तेव्हा जमेल.

मी चाळीस वर्षं गप्प बसले, कारण तुझं बरं चाललं होतं. तिचं बरं चाललेलं नाही. मला होती ती सबब तुला नाही.

जा. आधी तिच्याकडे, मग समितीकडे. उलट करू नकोस. आधी समितीकडे गेलीस तर तिथं तुझं कौतुक करतील, टीचर किती मोठ्या मनाच्या म्हणतील, आणि ते घेऊन तू तिच्याकडे जाशील.

आणि देवानं सांगावं म्हणून थांबू नकोस. यात त्यानं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

अक्का


रायापूर
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय अक्का,

सलाम.

गेले. काल रविवारी उपासनेला न जाता सरळ कमरीपेठेत गेले. ह्यांना सगळं सांगितलं होतं. हे म्हणाले, मी येऊ का? मी म्हटलं, नको. तरी बस स्टॉपपर्यंत सोडायला आले, पायऱ्या उतरताना कठड्याला धरून.

मुलगी उपासनेला गेली होती. मधुवंती तांदूळ निवडत बसलेली. मला बघून उठली, चटई टाकली, चहा ठेवायला निघाली. मी म्हटलं, चहा नको, आधी ऐक. चहा घेतला असता तर मी सांगितलं नसतं, मला माहीत आहे.

सगळं सांगितलं. समितीत मी काय म्हणाले, प्रार्थना केली नव्हती, का केली नव्हती. तुझा हेवा वाटला म्हणून, असं म्हटलं. हेवा हा शब्द तोंडातून निघायला फार वेळ लागला. मत्सर म्हणणार होते, पण तो उपदेशातला शब्द आहे. त्यामागे मी लपले असते.

ती ऐकत होती. तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलेलं. मला वाटलं, रडेल, किंवा माझे हात धरेल. तिच्यासारख्या माणसानं तसं करावं अशी माझी अपेक्षा होती, बघ. ती म्हणाली,

“माझा हेवा? माझा?” आणि खोलीभर नजर फिरवली. स्टोव्ह, दोरीवरची जांभळट साडी, मुलीचं दप्तर. मग एकदम तिचा आवाज चढला.

“जागा गेली तर गेली, बाई. जागेचं मला काय वाटलं न्हाई. पण तुम्ही त्याचं नाव घालून लिहिलं. मी तीन महिने त्याच्यापुढं बसायला भ्याले. रात्रंदिवस एकच, मी काय केलं, मी काय केलं? पोरीच्या बापाच्या आजारात मी चिडचिड करायची, ते आठवलं. म्हटलं, तेच असंल. म्हणून तो गेला, म्हणून मला जागा न्हाई. तुम्ही माझ्या नवऱ्याचं मरण बी माझ्या अंगावर घातलं, बाई. तुम्हाला ठाऊक हाय काय?”

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मला माफ कर.

ती म्हणाली, “आज न्हाई होत.”

मग तिनं डोळे मिटले आणि माझ्याशी नव्हे, त्याच्याशी बोलायला लागली. मोठ्यानं, कन्नडमध्ये, भांडत. तू का नाही सांगितलंस? मी विचारत होते तेव्हा तू का गप्प होतास? डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी चटईवर बसून ऐकत होते. आणि अक्का, तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही. त्या वेळीसुद्धा मला तिचा हेवा वाटला. मी त्याच्याशी आयुष्यात असं भांडले नाही. माझं त्याच्याशी तेवढं घरचं नातं कधी नव्हतंच. ते तिच्याकडून घेता येत नाही, हे तिथं बसून कळलं. मागायचं असेल तर त्याच्याकडेच मागायला पाहिजे.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, “लिहून द्या.”

“काय?”

“हेच. तुम्ही बोलला ते. उद्या मला वाटायला लागंल, बाईंनी माझी समजूत घालायला सांगितलं. कागद असला तर काढून वाचीन.”

मुलगी दारात आली, म्हणून मी निघाले. नेत्रानं मला विचारलं, टीचर, तुम्ही आज चर्चला का आला नाही? तिच्या आईनं सांगितलं, “बाईंचं इथं काम होतं.”

आज सकाळी पाळकसाहेब आणि हणमंतराव यांना भेटले. हणमंतरावांना आवडलं नाही. मनातलं मनात ठेवायचं, टीचर, आता रेश्मा तिथं दोन महिने काम करते आहे, तिला कसं काढणार, असं म्हणाले. काढायचं नाहीच, मी म्हटलं, तिची काही चूक नाही. मी समितीचा राजीनामा दिला. पाळकसाहेब म्हणाले, त्या दिवशी माझ्या मनात मधुवंतीचंच नाव होतं, पण तुमच्या प्रार्थनेपुढे मी माझं म्हणणं लावून धरलं नाही. पुढच्या रविवारी मंडळाच्या बायकांना मी स्वतः सांगणार आहे. मथुराबाई काय म्हणतील, याचाच विचार सारखा येतो.

तुला माफ केलं का, हे तू विचारलं नाहीस. आज नाही होत. पण दसऱ्याच्या सुट्टीत मिरजेला यायचं म्हणते. यंत्र काढून ठेवू नकोस. शिट्टी वाजली तर वाजू दे.

तिचं पत्र लिहायला चार कागद फाडले. सगळ्यांत उपदेश येत होता. पाचवा असा झाला आहे. उद्या स्वतः नेऊन देते.

तुझी,
सुशी


रायापूर
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय मधुवंती,

वसतिगृहाच्या जागेसाठी तू अर्ज केलास तेव्हा देवानं तुला नाही म्हटलं नाही. मी म्हटलं.

मला तुझ्यात काही खोट दिसली नाही. देवानं मला तुझी खोट दाखवली नाही. मी त्याला तुझ्याबद्दल काही विचारलंच नव्हतं. मी समितीत खोटं बोलले आणि मग तुला जे पत्र लिहिलं, तेही खोटं होतं.

भाग्यलक्ष्मीबाई न्हाणीघरात पडल्या त्या गुरुवारी त्यांच्याकडे जाण्याची पाळी माझी होती. मला कणकण नव्हती. कंटाळा आला होता. तुला ‘जा’ म्हटलं आणि तू गेलीस. ते उगंच जमून आलेलं नव्हतं.

तुझ्या नवऱ्याच्या आजाराचा आणि या जागेचा काहीही संबंध नाही. हे मी शपथेवर लिहिते, कारण जागा कुणामुळे गेली हे मला माहीत आहे.

हे पत्र कुणालाही दाखव.

सुशीला